युरिया ऑरगॅनिक आहे, आणि ऑरगॅनिक शेतीत त्याला बंदी आहे

रसायनशास्त्राचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, युरिया ऑरगॅनिक पदार्थांच्या विभागात सापडेल. नुसता सापडणार नाही, त्या विभागाच्या जन्मकथेचा नायकच तो आहे. आणि ऑरगॅनिक शेतीची नियमावली उघडा, तिथं युरियाला सक्त मनाई. शेतात टाकलेला आढळला तर प्रमाणपत्र धोक्यात.

आता उलटं उदाहरण घ्या. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. त्यात कार्बन औषधालाही नाही, त्यामुळे रसायनशास्त्राच्या लेखी मामला पक्का इनऑरगॅनिक. पण मोरचूद आणि चुना यांचं बोर्डो मिश्रण ऑरगॅनिक द्राक्षबागेत डाऊनी नावाच्या बुरशीरोगासाठी फवारता येतं, फक्त तांबं किती जाऊ द्यायचं याची मर्यादा पाळावी लागते. भुरीवर गंधक मारायलाही हरकत नसते. म्हणजे शेतीच्या नियमावलीत जे चालतं ते इनऑरगॅनिक, आणि जे चालत नाही ते ऑरगॅनिक.

मग खोटं कोण बोलतंय? कोणीच नाही. एकच इंग्रजी शब्द गेल्या दोनशे-सव्वादोनशे वर्षांत वेगवेगळ्या घरी नांदायला गेला आणि प्रत्येक घरचं वळण त्याला लागलं. रसायनशास्त्रज्ञ, शेतकरी, डॉक्टर, कंपनीचे हिशेबनीस आणि इन्स्टाग्रामवर रील टाकणारी पोरं, सगळे ऑरगॅनिक म्हणतात आणि प्रत्येकाच्या मनात काहीतरी निराळं असतं. कोण काय म्हणतंय हे ओळखायची माझी एक साधी युक्ती आहे: त्या माणसाच्या लेखी ऑरगॅनिकच्या विरुद्ध काय, ते बघायचं. पुढे ती पुन्हापुन्हा कामाला येईल.

आधी होतं अवजार

ग्रीक भाषेत 'ऑर्गानॉन' म्हणजे अवजार, साधन. ज्याच्या मदतीने काम होतं ते. हा शब्द 'एर्गॉन' म्हणजे काम या शब्दाच्या कुळातला. एनर्जी, ॲलर्जी आणि शस्त्रक्रिया करणारा सर्जन ही मंडळीही त्याच 'एर्गॉन'च्या गोतावळ्यातली. सर्जन म्हणजे मुळात हाताने काम करणारा. ॲलर्जी हा शब्द मात्र अगदी अलीकडचा, 1906 मध्ये घडवलेला.

अवजारावरून हा शब्द वाद्यावर गेला. इंग्रजीत 'इन्स्ट्रुमेंट' म्हणजे साधनही आणि वाद्यही. साधन आणि वाद्य यांना एकच शब्द असणं हे युरोपात जुनंच आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या टेसिबिअसने पाण्याच्या दाबावर हवा खेळवून वाजणारं वाद्य केलं, आणि पुढे नळ्या-भात्यांच्या अशा वाद्याला 'ऑर्गन' हे नाव कायमचं चिकटलं. चर्चमधून फिरत फिरत त्याचा पायाने भाता मारायचा छोटा अवतार आपल्याकडे आला आणि संगीत नाटकाच्या पिटात जाऊन बसला. नांदीच्या आधी जो ऑर्गनचा सूर भरायचा, तो आणि ऑरगॅनिक गुळाच्या पुडीवरचा शब्द हे सख्खे चुलत भाऊ आहेत.

शरीरात हा शब्द कसा शिरला? सरळ वाटेनेच. डोळा हे पाहायचं साधन, पाय हे चालायचं साधन. ॲरिस्टॉटलने सजीव शरीराचं वर्णन करताना तेच केलं: ज्याला अशी साधनं आहेत ते शरीर. म्हणजे 'ऑर्गन असलेलं' म्हणजे जिवंत. दगडाला ऑर्गन नसतात.

मला यात गंमत वाटते ती अशी की आपल्याकडेही विचार अगदी याच वाटेने गेला होता, आणि तोही कुणाचं बघून नव्हे. भारतीय दर्शनांत इंद्रियांना 'करण' म्हणतात. करण म्हणजे साधन. मन, बुद्धी वगैरे आतलं साधन, म्हणून ते 'अंतःकरण'. अमक्याचं अंतःकरण भरून आलं असं आपण म्हणतो, तेव्हा शब्दशः आतलं अवजार भरून आलं असं म्हणत असतो. आणि चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात एक वाक्य आहे: 'सेन्द्रियं चेतनं द्रव्यं, निरिन्द्रियमचेतनम्'. इंद्रियं असलेलं द्रव्य ते चेतन, नसलेलं ते अचेतन. त्यामुळे इंग्रजी 'ऑरगॅनिक'साठी मराठीत शब्द हवा झाला तेव्हा फार डोकं खाजवावं लागलं नसणार. स अधिक इंद्रिय, सेंद्रिय. जुन्या पुस्तकांत विरुद्धार्थीही चरकाचाच: निरिंद्रिय रसायनशास्त्र. चरकाच्या मनात चेतना होती, संयुगं नव्हती, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे झालं. प्राचीन काळी सगळं होतं छाप निष्कर्ष इथं काढायचं कारण नाही.

तर, या पहिल्या मुक्कामावर ऑरगॅनिकच्या विरुद्ध काय? निर्जीव.

मूत्रपिंड नाही, कुत्रा नाही

अठराव्या शतकाच्या अखेरीस रसायनशास्त्रज्ञांपुढे पदार्थांचे दोन ढीग होते. एका ढिगात मीठ, चुना, गंधक, धातू: खाणीतून येणारा, तापवला-विरघळवला तरी पुन्हा पूर्ववत करता येणारा कारभार. दुसऱ्या ढिगात साखर, तेल, डिंक, रक्त, मूत्र: जिवंत शरीरातून येणारा नाजूक माल, जाळला की कायमचा गेला. स्वीडनचे यन्स याकोब बर्झेलियस हे त्या काळातले रसायनशास्त्राचे मोठे प्रस्थ. 1806 च्या सुमारास त्यांनी दुसऱ्या ढिगाच्या अभ्यासाला 'ऑरगॅनिक केमिस्ट्री' म्हणायला सुरुवात केली. नावामागे एक समजूत होती: हे पदार्थ घडवायला जिवंत शरीरातली एखादी खास 'जीवनशक्ती' लागते, ती प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यात मिळायची नाही.

बर्झेलियस यांच्याकडे स्टॉकहोमला काही काळ शिकून गेलेला एक जर्मन तरुण होता, फ्रीडरिश व्होलर. मूळचा वैद्यकाचा विद्यार्थी. मूत्रात काय काय उतरतं यावर त्याने विद्यार्थिदशेतच काम केलं होतं, म्हणजे युरियाची त्याला चांगली ओळख होती. 1828 मध्ये तो बर्लिनच्या एका औद्योगिक शाळेत शिकवत होता, वय 27. त्याला करायचं होतं अमोनियम सायनेट. त्यासाठी त्याने सिल्व्हर सायनेटवर नवसागराचं पाणी घातलं. हा तोच नवसागर, जो कल्हईवाला तापल्या भांड्यात टाकतो आणि पांढरा धूर निघतो. चांदी क्लोराइड होऊन तळाशी बसली. वरचं पाणी आटवलं तेव्हा रंगहीन स्फटिक मिळाले. पण ते अमोनियम क्षारासारखे वागेनात. अल्कली घातली तर अमोनियाचा वास यायला हवा, तो येईना. नायट्रिक आम्ल घातलं तर चमकदार खवले तयार झाले. मूत्रातून काढलेला युरिया नेमका असाच वागतो, हे त्याला माहीत होतं. शेजारी ठेवून ताडून पाहिलं. तंतोतंत तोच.

22 फेब्रुवारी 1828 ला त्याने बर्झेलियसना पत्र लिहिलं. त्यात त्याने सांगितलं की आता मला मूत्रपिंडाची गरज न पडता युरिया करता येतो. ना माणूस लागतो, ना कुत्रा. विज्ञानाच्या इतिहासात इतक्या खुशीत लिहिलेली पत्रं थोडी. बर्झेलियसनीही उत्तरात थट्टा केली, की असंच चालू राहिलं तर त्या शाळेच्या प्रयोगशाळेत एखादं छोटंसं मूलही तयार कराल.

या प्रसंगाची एक शाळकरी आवृत्ती सगळीकडे फिरते: व्होलरने युरिया केला आणि जीवनशक्तीचा सिद्धांत त्याच दिवशी कोसळला. तसं झालं नाही. व्होलरला स्वतःलाच शंका होती, कारण सायनेट बनवायला त्या काळी रक्त, शिंगं असा प्राण्यांचाच माल लागायचा. मग प्राणी पूर्णपणे वगळला गेला असं कसं म्हणायचं? जुनी समजूत हळूहळू झिजली. 1845 मध्ये कोल्बे यांनी ॲसेटिक आम्ल थेट निर्जीव घटकांपासून केलं, पुढे फ्रान्समध्ये बर्तलो यांनी असे पदार्थ एकामागून एक बनवले, तेव्हा कुठे जीवनशक्तीचं बोलणं बंद झालं.

व्होलर आणि बर्झेलियस यांना त्या वेळी जास्त कुतूहल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. अमोनियम सायनेट आणि युरिया, दोन्हींत अणू तेच आणि तितकेच: एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन, चार हायड्रोजन. तरी पदार्थ दोन. म, द, न ही अक्षरं एका क्रमाने लावली तर मदन आणि दुसऱ्या क्रमाने लावली तर दमन, तसा हा प्रकार. पदार्थात काय काय आहे एवढं कळून भागत नाही, ते कसं जोडलंय हेही कळावं लागतं, ही जाणीव तिथून पक्की होत गेली. औषधनिर्मितीचा आजचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे.

पण आपल्या शब्दाचं काय झालं? जीवनशक्ती गेली, नाव राहिलं. दुसऱ्या ढिगातल्या पदार्थांत समान काय, हे पाहिलं तर प्रत्येकात कार्बन निघाला. 1850 नंतरच्या दशकात केकुले यांनी सरळ सांगून टाकलं, ऑरगॅनिक रसायनशास्त्र म्हणजे कार्बनच्या संयुगांचं रसायनशास्त्र. कार्बन डायऑक्साइड, चुनखडी, सायनाइड अशी काही मंडळी कार्बन असूनही सवयीने बाहेर ठेवली, बाकी सगळं आत. मराठी विश्वकोश आणि दहावीचं विज्ञानाचं पुस्तक 'कार्बनी संयुगे' म्हणतात ते मला जास्त पटतं. त्यात इंद्रियांचा घोळच नाही.

या अर्थाने पेट्रोल ऑरगॅनिक, प्लॅस्टिकची पिशवी ऑरगॅनिक, डीडीटी ऑरगॅनिक. ग्रामीण रुग्णालयात शेतकरी बेशुद्धावस्थेत येतो, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या, आणि केसपेपरवर लिहिलं जातं 'ओपी पॉयझनिंग'. त्यातला 'ओ' हा ऑरगॅनिकचाच: ऑरगॅनोफॉस्फरस. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक त्याच घराण्यातलं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, तेव्हा ज्या औषधांची नावं पुढे आली त्यांत तेही होतं. म्हणून 'ऑरगॅनिक आहे, म्हणजे निर्धोक' हे वाक्य रसायनशास्त्रात कुणी उच्चारू नये.

इथं विरुद्ध काय? खनिज. चांगलं आणि वाईट हा प्रश्नच या घरात येत नाही.

इंदूरची पऱ्हाटी

शेतीतला अर्थ कार्बनवरून आलेला नाही, हे फार कमी जणांना माहीत असतं. 'शेणखतात कार्बन असतो म्हणून ती ऑरगॅनिक शेती' असं स्पष्टीकरण कृषी मेळाव्यांतही ऐकायला मिळतं. तो शब्द आला थेट ॲरिस्टॉटलच्या शेतातून, म्हणजे जिवंत शरीराच्या कल्पनेतून.

1940 मध्ये इंग्लंडमधले लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी एका पुस्तकात ऑरगॅनिक शेती हा शब्दप्रयोग रूढ केला. त्यांचं म्हणणं, शेत ही एक सजीव गोष्ट समजा. जमीन, पिकं, जनावरं, माणसं ही तिची अंगं. शरीरात जसा एका अवयवाचा दुसऱ्याशी संबंध असतो, एकाने टाकलेलं दुसरा वापरतो, तसं शेत स्वतःपुरतं पुरं असावं. बाहेरून पोत्यांनी आणून ओतलेल्या खतावर जगणारी शेती ही त्यांच्या दृष्टीने सलाइनवरचा रोगी. 'ऑरगॅनिक' हे विशेषण त्यांनी शेताच्या रचनेला लावलं होतं, खताला नव्हे. 1942 पासून अमेरिकेत रोडेल यांनी याच नावाचं मासिक चालवून शब्द घरोघरी नेला.

या विचाराचा एक मोठा झरा मात्र आपल्या शेजारचा आहे. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ 1905 मध्ये बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी संस्थेत आले. पत्नी गॅब्रिएल याही त्याच तोलाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ. आले होते इथल्या शेतकऱ्यांना शिकवायला, पण पुढे त्यांनीच लिहिलं की इथले शेतकरी आणि पिकांवरच्या किडी हेच आपले गुरुजी झाले. 1924 मध्ये होळकरांच्या इंदुरात त्यांनी नवी संस्था उभी केली, मुख्य विषय कापूस. तिथं बसवलेली कंपोस्टची पद्धत आजही जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. 1931 मध्ये तिच्यावरचं पुस्तक निघालं तेव्हा हॉवर्ड यांच्याबरोबर सहलेखक म्हणून नाव होतं यशवंत वाड यांचं. जगातल्या ऑरगॅनिक चळवळीचा इतिहास सांगताना हे दुसरं नाव बहुतेक जण गाळतात.

पद्धत अशी. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरकाट्या कडक असतात, लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या आधी शेतातल्या गाडीरस्त्यावर पसरायच्या. येता-जाता बैलगाड्यांच्या धावांखाली त्यांचा चुरा होतो, वेगळी मजुरी नाही. तो चुरा मग गोठ्यात बैलांच्या अंगाखाली अंथरायचा. शेण, राख, पालापाचोळा यांचे थर द्यायचे, ओल आणि हवा सांभाळायची, ठरावीक दिवसांनी ढीग वरखाली करायचा. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. आणि या सगळ्यात हॉवर्ड यांचा हट्ट एका गोष्टीसाठी होता: गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती. ती वाया जाऊ द्यायची नाही. खतातल्या नायट्रोजनचा मोठा वाटा तिच्यातून यायचा.

मूत्रातला नायट्रोजन मुख्यतः कशाच्या रूपात असतो? युरियाच्या.

म्हणजे ऑरगॅनिक शेतीच्या मूळ कृतीतच युरिया आहे, आणि कारखान्यातल्या पांढऱ्या दाण्यांशी तो अणुरेणूने सारखा आहे. व्होलरने हेच तर दाखवलं होतं. दोन्हींचं मातीत जे होतं तेही सारखंच. जमिनीतल्या जिवाणूंकडे युरियेज नावाचं विकर असतं, ते काही दिवसांत युरिया फोडून त्याचा अमोनिया करतं, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि मुळं ते उचलतात. मुळाला पत्ता नसतो की हा नायट्रोजन खिल्लारीच्या गोठ्यातून आला की थळच्या कारखान्यातून. प्रयोगशाळेत नायट्रोजनच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजून थोडा अंदाज बांधता येतो, तेवढंच.

मग बंदी का? कारण बंदी रेणूवर नाहीच, त्याच्या वाटेवर आहे. पोत्यातला युरिया नैसर्गिक वायूपासून अमोनिया करून, त्यावर कार्बन डायऑक्साइडची क्रिया घडवून तयार होतो. तो शेताच्या चक्रातून आलेला नाही, नॉर्थबोर्न यांच्या 'शरीरा'बाहेरचा आहे. 46 टक्के नायट्रोजन एका झटक्यात मिळतो, पण सोबत ना पालापाचोळा, ना जिवाणूंचं खाद्य. त्याउलट मोरचूद खनिज असलं तरी जुन्या काळापासून वापरात आहे आणि बोर्डोला पर्याय मिळाला नाही, म्हणून नियमवाल्यांनी त्याला नाइलाजाने दारात उभं केलंय. माझं मत विचाराल तर ही तडजोड आहे, तत्त्व नव्हे, आणि तांबं जमिनीत साचत जातं हे त्यांनाही माहीत आहे. मर्यादा घातल्यात त्या त्यासाठीच.

शेतकऱ्याच्या लेखी विरुद्ध शब्द म्हणून 'रासायनिक'. हा विरोध रसायनशास्त्रज्ञाला ऐकवला तर तो हसतो, कारण पाणीसुद्धा रसायन आहे. हसू द्यावं. शेतकरी पदार्थाबद्दल बोलतच नाही, पोतं कुठून आलं याबद्दल बोलतोय.

दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी गळ्यात गळा घालून भेटतात ते माती परीक्षणाच्या अहवालात. 'सेंद्रिय कर्ब' हा रकाना आता गावोगाव माहीत झालाय; 'तुमच्या रानाचा कर्ब किती?' हा पारावरचा प्रश्न आहे. 0.5 टक्क्यांच्या खाली असला तर कमी समजतात, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जमिनी तिथंच असतात. पण नुसता कर्ब का नाही म्हणत? कारण काळ्या रानात चुनखडी असते आणि चुनखडीतही कार्बन असतो. तो खनिज कार्बन, त्याचा सुपीकतेशी संबंध नाही, उलट फार झाला तर पिकं पिवळी पडतात. प्रयोगशाळेत पोटॅशियम डायक्रोमेट घालून जो कार्बन जाळला जातो तो कुजलेल्या काडीकचऱ्याचा; चुनखडीचा तिथं मोजला जात नाही. केकुले यांचा अर्थ आणि हॉवर्ड यांचा अर्थ, दोन्ही त्या एका आकड्यात बसतात.

त्यात मराठीत आणखी एक गुंता. हिंदीत ऑरगॅनिकला 'जैविक' म्हणतात, सरकारी बोधचिन्हावरही 'जैविक भारत' असंच लिहिलं गेलं. आपल्याकडे जैविक खत म्हटलं की रायझोबियमसारखं जिवाणूंचं पाकीट, आणि सेंद्रिय खत म्हटलं की शेणखत, कंपोस्ट, पेंड. 'नैसर्गिक शेती'वाले तर तिसरेच: अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर सेंद्रिय शेतीवर रासायनिक शेतीइतकीच टीका करतात. कृषी सेवा केंद्रात जाऊन 'ऑरगॅनिक काहीतरी द्या' म्हटलं तर हातात काय पडेल याचा भरवसा नाही.

बाकीची घरं

डॉक्टरांच्या बोलण्यात 'ऑरगॅनिक' म्हणजे एखाद्या अवयवात प्रत्यक्ष बिघाड दिसतोय असा आजार. पोटदुखीच्या सगळ्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले की ऑरगॅनिक काही नाही, तर त्यांना सुचवायचं असतं की अवयव ठीक आहे, कामात किंवा मनात कुठेतरी गडबड आहे. शब्द इथं आपल्या मूळ अर्थाच्या सगळ्यात जवळ राहिलाय.

उद्योगांत 'ऑरगॅनिक ग्रोथ' म्हणजे दुसऱ्या कंपन्या विकत न घेता स्वतःच्या धंद्यातून झालेली वाढ. झाड वाढतं तशी. समाजमाध्यमांवर 'ऑरगॅनिक रीच' म्हणजे जाहिरातीचे पैसे न भरता पोस्ट जितक्यांपर्यंत गेली तेवढी. विरुद्धार्थी शब्द 'पेड'. गाव-यात्रेच्या रीलला दहा हजार व्ह्यू आले आणि पोरगा अभिमानाने सांगतो, 'सगळे ऑरगॅनिक आहेत.' त्याचा आजोबा शेजारी बसून शेणखताचा हिशेब करत असेल तर दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. रोजच्या इंग्रजीत 'ऑरगॅनिकली' म्हणजे आपसूक, कुणी घडवून न आणता. मैत्री ऑरगॅनिकली झाली, विषय ऑरगॅनिकली निघाला. ज्या शब्दाचा जन्म अवजारापासून झाला, तो आता कुणीही हत्यार न लावता झालेल्या गोष्टीसाठी वापरतात.

राहता राहिलं दुकान. इथं मात्र शब्दाला कायद्याचा लगाम आहे. भारतात 2001 पासून केंद्राचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम चालतो, म्हणजे एनपीओपी. शिवाय शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांची तपासणी करायची पीजीएस ही दुसरी पद्धत. 2017 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नियम केले, की वेष्टनावर ऑरगॅनिक म्हणायचं तर या दोहोंपैकी एका पद्धतीचं प्रमाणपत्र हवं. थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकांना तेवढी सूट. प्रमाणपत्र मिळण्याआधी हंगामी पिकांच्या रानाला साधारण दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं संक्रमणात काढावी लागतात. आणि प्रमाणपत्र पिकवण्याच्या पद्धतीला असतं. जास्त पोषक, जास्त चवदार असं त्यात काही म्हटलेलं नसतं.

कोल्हापूरकडचा 'सेंद्रिय गूळ' हे तर उत्तम उदाहरण. गुऱ्हाळघरात रस उकळताना मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला आणि रंग पिवळाधमक करणारी हायड्रॉस पावडर टाळली, की पुष्कळ जण त्याला सेंद्रिय म्हणतात. गूळ तपकिरी होतो, चांगला लागतो, खाणाऱ्याला बरं वाटतं. पण उसाला युरियाचे डोस गेले होते की नाही, हा प्रश्न त्या पाटीने सुटत नाही. ती पाटी कढईबद्दल बोलते, रानाबद्दल नाही. विकणाऱ्याला एवढंच विचारायचं: ऊस सेंद्रिय की गूळ? बहुतेक जण खरं सांगतात, असा माझा अनुभव आहे.

आणि मिठाच्या पाकिटावर ऑरगॅनिक लिहिलेलं दिसलं तर काय करायचं? मिठात कार्बन नाही. ते शेतात पिकत नाही, म्हणून शेतीचा नियमही लागू नाही. अमेरिकेत तर एखाद्या पदार्थात किती टक्के ऑरगॅनिक माल आहे हे काढताना पाणी आणि मीठ सोडूनच हिशेब करतात. सैंधवाची शिळा कुणी गोठ्याजवळ वाढवत नाही. इथं ऑरगॅनिकच्या विरुद्ध काय, हे त्या विक्रेत्यालाच विचारावं.